दार उघडले, पाट मांडला का?

माउली, गुडघे गेले, गळाही पूर्वीसारखा चढेना, तेव्हापासून नारदाच्या गादीवर उभे राहणे मी थांबवले. चाळीसएक वर्षे जे बोललो ते आता बसल्या जागी एकेक काढून तपासतो. काही बोलणे असे निघते की ते श्रोत्यांना सांगितले, स्वतःला सांगायचे राहून गेले. आज तुमच्यापुढे ठेवतो तो प्रश्न मला फार दूर, अमेरिकेतल्या एका शाळेच्या निमित्ताने भेटला. तुम्ही म्हणाल, बुवांना या वयात अमेरिकेच्या शाळांशी काय कर्तव्य? जरा धीर धरा.

माझी पुतणी तिकडे बॉस्टनच्या बाजूला एका खासगी शाळेत गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी कार्तिकी करून मी दोन महिने तिच्याकडे जाऊन राहिलो. रोज संध्याकाळी ती थकून यायची. शिकवण्याने माणूस थकतोच, पण हा थकवा निराळा दिसे. एकदा जेवताना मी विचारले, तेव्हा हळूहळू ती बोलू लागली.

आधी या शाळा कशा असतात ते सांगतो. तिकडे सरकारी शाळेत फी नसते आणि बहुधा घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते. त्याखेरीज काही शाळा फी आणि देणग्या यांवर चालतात. त्यांचा कारभार त्यांचे स्वतःचे विश्वस्त मंडळ पाहते, म्हणून त्यांना स्वतंत्र शाळा म्हणतात. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हरची फिलिप्स अकादमी १७७८ सालची, एक्झेटरची १७८१ सालची. आपल्याकडे तेव्हा पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते. अशा नामांकित निवासी शाळेची एका वर्षाची फी आज साठ हजार डॉलरांच्या वर जाते. येथून निघालेली मुले पुढे मोठमोठ्या विद्यापीठांत जातात, न्यायाधीश होतात, मंत्री होतात. आणि फार मोठा काळ या बाकांवर बहुतेक गोऱ्या, सधन घरांतली मुलेच बसली.

गोऱ्यांखेरीज जे कोणी, त्या सगळ्यांना तिकडे मिळून ‘पीपल ऑफ कलर’ म्हणजे रंगाचे लोक असे नाव आहे. त्यात कृष्णवर्णीय आले, मेक्सिकोकडून आलेले आले, त्या भूमीचे मूळ रहिवासी आले, चिनी आले आणि आपणही आलो. हे ऐकून मला गंमत वाटली. इथे आपल्या आळीत स्वतःला उंच समजणारा माणूसही तिकडच्या विमानतळावर उतरला की रंगाच्या रकान्यात जातो. आपण तर सावळ्याचे भक्त. त्याच्या काळेपणाचे कौतुक करताना आपला गळा दाटून येतो, आणि मुलासाठी स्थळ पाहायला निघालो की पहिला प्रश्न, ‘मुलगी उजळ आहे ना?’ असो. हा विषय पुन्हा केव्हातरी.

या शाळांची दारे रंगाच्या मुलांना कशी उघडली, हेही पाहिले पाहिजे. १९५४ साली तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी शाळांत काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसवणे घटनेला धरून नाही. निकाल चांगला, पण त्याला पळवाट काढणारे पुष्कळ निघाले. दक्षिणेत गोऱ्या पालकांनी केवळ आपली मुले वेगळी राहावीत म्हणून नव्या खासगी शाळा काढल्या. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांना कुलूप घातले. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उभी राहिली. कृष्णवर्णीय मुले १९६४ पर्यंत, म्हणजे पाच वर्षे, बहुतेक शाळेवाचून राहिली. सातव्या वर्षी जे मूल घरी बसले ते बाराव्या वर्षी पुन्हा बाकावर आले. मधली वर्षे त्याला कोण परत देणार? आणखी एक गोष्ट घडली. काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एक करताना बंद झाल्या त्या बहुधा कृष्णवर्णीयांच्या शाळा, आणि तिथल्या हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांना आत घेतले, मास्तरांना दाराबाहेर ठेवले. केवळ वर्णावरून प्रवेश नाकारणे खासगी शाळेलाही चालणार नाही, हे न्यायालयाने सांगायला १९७६ साल उजाडले.

पण सगळेच पळवाटा शोधणारे नव्हते. १९६३ साली काही स्वतंत्र शाळांच्या मुख्याध्यापकांनी आपण होऊन ‘अ बेटर चान्स’ नावाचे काम सुरू केले. गरीब वस्त्यांतली हुशार मुले शोधायची, त्यांच्या फीची सोय करायची आणि आपल्या शाळांत घ्यायची. त्याच वाटेने शिकागोच्या दक्षिण भागातला डेव्हल पॅट्रिक नावाचा कृष्णवर्णीय मुलगा १९७० साली मिल्टन अकादमीत आला. पुढे हाच मुलगा मॅसॅच्युसेट्स राज्याचा गव्हर्नर झाला. त्याने स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. शाळेने कपड्यांची यादी पाठवली, त्यात जॅकेट आणि टाय लिहिले होते. त्याच्या घरच्यांनी ऐपतीबाहेर खर्च करून नवे जॅकेट घेऊन दिले. वाऱ्यापावसात घालतात तसले. पहिल्या दिवशी पाहतो तो बाकीची मुले कोट घालून आलेली. यादीतल्या जॅकेटचा त्या शाळेतला अर्थ कोट असा होता.

माउली, या गोष्टीत दुष्ट माणूस कोणी नाही. शाळेने पैसे दिले, घरच्यांनी प्रेमाने खरेदी केली. तरी तो मुलगा पहिल्याच सकाळी सगळ्यांमध्ये उघडा पडला, कारण आपल्या घरातल्या शब्दाचा अर्थ बाहेरून येणाऱ्याला सांगावा लागतो हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. पाहुण्याला ‘या’ म्हणालो, पण पाट मांडायचा राहिला. तो बिचारा कुठे बसावे म्हणून चहूकडे पाहतो आहे, आणि आपण म्हणतो, घर तुमचेच आहे.

आपल्याला हे समजायला दूर जायला नको. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महाराजांचा हेतू निर्मळ होता. पण १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. शिष्यवृत्ती देणारा राजा एक होता, आणि रोज गाठ पडायची ती शहराशी. स्वतंत्र शाळांतही तेच आहे. फी विश्वस्त माफ करतात, आणि मुलाचा दिवस जातो वर्गात, भोजनगृहात, मैदानावर.

आता पुतणीचे ऐका. तिच्या वर्गात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एक कृष्णवर्णीय मुलगा येऊन बसे. दहावीतला. शहरातून तासभर बसने येणारा, फी माफ असलेला. खाली मोठे भोजनगृह आहे, तिथे सगळी शाळा जेवते. हा डबा घेऊन वर येई, मागच्या बाकावर बसून खाई, आणि घंटा झाली की ‘थँक यू’ म्हणून जाई. गणितातले काही अडले म्हणून येतो का, तर तसेही नाही. मी तिला विचारले, “मग येतो कशाला गं?” ती म्हणाली, “काका, इथे त्याला कोणी काही विचारत नाही, म्हणून येतो.”

इतिहासाच्या तासाला गुलामगिरीचा धडा निघाला की सगळा वर्ग मान वळवून त्याच्याकडे पाही, आणि शिक्षक विचारत, तुला काय वाटते? जणू तीनशे वर्षांचा हिशेब त्या पंधरा वर्षांच्या पोराच्या दप्तरात आहे. शाळेत दुसरा एक कृष्णवर्णीय मुलगा होता, त्याच्या नावाने याला हाक मारीत. मात्र शाळेच्या माहितीपुस्तकात याचे फोटो तीन. २०२० साली मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांना पोलिसाने मारले, त्यानंतर त्या देशातल्या कितीतरी खासगी शाळांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी ‘ब्लॅक ॲट’ अमुक शाळा अशा नावांची पाने इंस्टाग्रामवर उघडली आणि आपले अनुभव नाव न सांगता लिहिले. पुतणीने त्यांतले काही मला वाचून अर्थ सांगितला. मोठ्या मारहाणीचे फार नाहीच. केसांना हात लावून पाहणे, चुकीचे नाव, ‘तू फी भरतोस का?’ असली बारीक टोचणी, रोजची. पायात काटा मोडला तर माणूस थांबून काढतो. वहाणेतली वाळू मात्र मुक्कामापर्यंत सोलत राहते, हे वारीला चालणाऱ्यांना मी काय सांगावे.

आणि पुतणीची स्वतःची गत काय? पाच तुकड्यांचे गणित तिच्याकडे आहेच. वर दिवाळी आली की कार्यक्रम तिने बसवायचा. विविधतेची समिती निघाली की तिने बसायचे. नव्या हिंदी, चिनी, कृष्णवर्णीय पालकांना शाळा दाखवायला तीच. कोणा रंगाच्या मुलाला वर्गात अपमान वाटला तर त्याला तिच्याकडे पाठवायचे. ज्याने अपमान केला त्या मुलाशी कोणी बोलायचे, हे कोणालाच माहीत नाही. याचा पगार नाही, एक तासही कमी नाही. सभेत टाळ्या मात्र होतात. जॉन किंग या गृहस्थांनी, २०१६ साली ते अमेरिकेचे शिक्षणमंत्री असताना, यालाच अदृश्य कर म्हटले होते. रंगाच्या शिक्षकाने कामाखेरीज भरायचा कर, ज्याची पावती कोणी देत नाही.

हे सगळे सांगून तिने विचारले, “काका, दर वर्षी फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचे करारपत्र येते. सही करू की सोडू? सोडले तर तो मुलगा डबा घेऊन कुठे जाईल, हे मनातून जात नाही.”

मी कीर्तनकार. उत्तर जिभेवर तयारच असते. मी म्हणालो, “बाळ, सेवा समज. सहन करणाऱ्याचेच देव ऐकतो.” ती काही बोलली नाही. उठून ताटे आत घेऊन गेली. रात्री मला झोप आली नाही, कारण हेच उत्तर मी पूर्वी एकदा दिले होते. त्या माणसाचा चेहरा अंधारात समोर आला.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. एका गावचा सप्ताह. मृदंगावर साथीला एक तरुण होता, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. हात असा की चाल धरली की टाळकरी आपोआप पावलीवर येत. सात दिवस त्याने माझी साथ केली. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन. मी रंगात येऊन सांगितले की गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कोणाची भाकरी, कोणाचा दहीभात, देवाने सगळे एकत्र कालवले आणि उष्टे-खरकटे पाहिले नाही. बायाबापड्यांनी डोळे पुसले. दहीहंडी फुटली, महाप्रसादाची पंगत बसली. आणि त्या मृदंग्याला पत्रावळ देऊन पारापलीकडे वेगळे बसवले. माझे पान मधोमध, रांगोळी काढलेले. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिले. मी खाली मान घालून वरण-भात कालवला.

संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन मी म्हणालो, “मनाला लावून घेऊ नकोस, सेवा समज.” पुढल्या वर्षी बोलावणे गेले, तो आला नाही. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली पंढरीच्या देवळाचे दार सर्वांना उघडले, हे मीच कीर्तनातून अभिमानाने सांगत असे. दार उघडून तेहतीस वर्षे झाली होती, आणि पाट मांडायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी भात कालवत होतो.

म्हणून आता थोडा विचार नीट करू. सेवा आणि वेठ यांत फरक काय? दिंडीत पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन चालणारी बाई सेवा करते, कारण तो तिने आपण होऊन उचलला. तिला उतरवायचा झाला तर घ्यायला दहा हात पुढे येतात. जे काम दुसऱ्याने माझ्यावर टाकले, मी नाही म्हटले तर माझीच निष्ठा मोजली जाईल, आणि ज्याला दुसरा हात कधी लागत नाही, ती वेठ. वेठीला सेवा म्हणायचा अधिकार वेठ घेणाऱ्याला नाही, आणि बाजूला बसून उपदेश करणाऱ्या काकाला तर मुळीच नाही. घर दुरुस्त करण्याचे काम नव्याने आत आलेल्याच्याच डोक्यावर द्यावे, हा कुठला न्याय? भिंत ज्यांनी बांधली त्यांच्या नातवंडांच्या हातात पहार असायला हवी.

येथे कोणी शंका घेईल, आणि तिकडेही घेणारे पुष्कळ आहेत, की सगळ्यांना सारखे वागवा म्हणजे झाले. रंगाचे नाव काढले की भेद वाढतो. २०२३ साली तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजप्रवेशात वर्णाचा विचार करण्याला मनाई केली, तेव्हापासून हा वाद आणखी तापला आहे. शंका पोकळ नाही. नुसती नावे घेत बसले तर मूल म्हणजे त्याचा रंग, असे होऊन बसते, आणि त्या पोराचे तेच तर दुःख होते. पण ज्या वर्गाने मान वळवून त्याच्याकडे पाहिले, तिथे रंगाचे नाव कोणी काढले नव्हते. भेद आधीच वर्गात होता. न बोलल्याने तो जात नाही, फक्त ज्याला टोचतो त्याच्या एकट्याच्या वाट्याला राहतो.

दुसरी शंका माझीच होती. या शाळांत रंगाच्या मुलांचे, शिक्षकांचे वेगळे मेळावे भरतात. तिथल्या स्वतंत्र शाळांची जी राष्ट्रीय संघटना आहे ती तर रंगाच्या शिक्षकांसाठी मोठी परिषद भरवत आली आहे. मला हे प्रथम रुचले नाही. आपण एकमेकांच्या पाया पडणारे लोक, आपल्याला वेगळी बैठक कशाला? बेव्हर्ली डॅनियल टेटम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ साली, भोजनगृहात कृष्णवर्णीय मुले एकत्र का बसतात, याच प्रश्नावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की वयात येताना आपण कोण हा प्रश्न मुलाला छळतो, तेव्हा जो तोच काटा सोसतो त्याच्याजवळ बसल्याने बळ येते. आणि गोरी मुले एकत्र बसतात तेव्हा हा प्रश्न कोणाला पडतही नाही. मग माझ्या ध्यानात आले की आपल्याही वारीत दिंड्यांना क्रमांक आहेत. कोणी रथापुढे, कोणी रथामागे, प्रत्येकीचा वीणा वेगळा, तंबू वेगळा. रात्री आपल्या तंबूत पाय चेपून घेतो म्हणून सकाळी वाट चालवते. कोणी त्याला फूट म्हणत नाही. चोखोबांना महाद्वाराबाहेर राहावे लागले ते निराळे, आणि दमलेल्याने आपल्या माणसांत घटकाभर पाठ टेकणे निराळे. सकाळी सगळ्यांची वाट एकच आहे ना, एवढे पाहावे.

सकाळी मी पुतणीची माफी मागितली. म्हणालो, “रात्री मी तुला जे सांगितले ते खरे नव्हते.” ती हसली, म्हणाली, “तुम्हांलाही कोणीतरी शिकवलेलेच होते ते.” मग आम्ही दोघांनी बसून कागदावर लिहून काढले, मुख्याध्यापिकेला काय सांगायचे ते. समितीचे काम हे काम धरावे आणि तेवढा एक तास कमी करावा. अपमान करणाऱ्या मुलाशी त्याच वेळी, त्याच वर्गात, त्या वर्गाच्या शिक्षकाने बोलावे. दुखावलेल्याला माझ्याकडे पाठवून मोकळे होऊ नये. फोटो छापण्याआधी त्या मुलाला विचारावे. नव्या मुलांच्या घरी यादी पाठवाल तर जॅकेट म्हणजे काय तेही लिहावे, सहलीचा आणि खेळाच्या सामानाचा खर्च आधी सांगावा आणि फीबरोबर तोही उचलावा. आणि पुढची शिक्षकभरती होईल तेव्हा रंगाचा एकच शिक्षक घेऊन थांबू नये. एकटा माणूस नमुना होतो, चार झाले की माणसे होतात. शेवटचे वाक्य तिचे आहे. मी असते तर तिथे दृष्टान्त घातला असता.

मुख्याध्यापिकेने ऐकून घेतले. तास कमी झाला, तोही पुढच्या वर्षी. इतिहासाचे शिक्षक प्रथम रागावले, मग एके दिवशी आपण होऊन तिच्या वर्गात आले आणि आपण वर्गात काय बोलावे म्हणून विचारू लागले. ती म्हणाली, “तुम्हीच ठरवा, मला फक्त कळवा.” मला हे उत्तर फार आवडले. भरती अजून झालेली नाही. पैसे नाहीत म्हणतात.

त्या मृदंग्याचा मी इकडे आल्यावर तपास केला. तो गेला, सहा वर्षे झाली. मुलगा भेटला, पखवाज खुंटीला होता. मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितले. त्याने ऐकले, आणि ‘बाबा कधी काही बोलले नाहीत’ एवढेच म्हणाला. चहा आला, तो प्यालो. त्याने जेवायला थांबा म्हटले नाही, आणि मीही तशी अपेक्षा धरली नव्हती.

पुतणीचा परवा फोन होता. तो मुलगा यंदा शाळेतून बाहेर पडला, कॉलेजात गेला. शेवटच्या वर्षी आठवड्यातून दोन-तीन दिवस खाली भोजनगृहात जेवत असे, बाकीचे दिवस वर. यंदा नववीतली एक मुलगी डबा घेऊन वर येऊ लागली आहे. करारपत्र आले की सही करायची का, ते पुतणीने अजून ठरवलेले नाही. मी विचारत नाही.